स्पेनमधला ३०० नंबरचा टेनिस प्लेयर जगतो कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा पंधरा वर्षांचा, राज्य पातळीवर चांगला खेळतो, दोन-तीन जणांनी सांगितलंय की स्पेनला अकॅडमीत टाका, आणि वडील विचारतायत की नदाल, अल्कराझ यांचं सोडा, तिथला ३०० व्या नंबरचा प्रोफेशनल नेमका काय कमावतो, कसा राहतो, त्याचं करिअर म्हणजे असतं तरी काय. प्रश्न फार बरोबर विचारलाय. सगळे वरच्यांकडे बघून पोरांना पाठवतात, पण सगळं नीट जुळून आलं, दुखापत झाली नाही, पैसे पुरले, तरीसुद्धा पोरगा जिथे पोचायची शक्यता आहे ती जागा हीच, आणि तिथे पोचणंही काही सोपं नाही. मी कोच म्हणून बरीच वर्षं पोरांना घेऊन फ्युचर्स, म्हणजे प्रोफेशनलच्या सगळ्यात खालच्या टूर्नामेंट, फिरतोय, त्यात स्पेनमधले आठवडे पुष्कळ, त्यामुळे जे बघितलंय ते लिहितो. लांबेल.

आधी उत्तर देऊन टाकतो. ३०० नंबरचा स्पॅनिश प्लेयर टूर्नामेंटच्या बक्षिसावर जगत नाही. तो जगतो क्लबच्या टीम मॅचेसवर, घरच्या जेवणावर आणि गाडीने तीन-चार तासांत गाठता येतील अशा टूर्नामेंट्सवर. अकॅडमीवाले जे विकतात त्यात यातलं काहीच नसतं.

आता आकडे. प्रोफेशनलची सगळ्यात खालची पायरी म्हणजे आयटीएफची (आंतरराष्ट्रीय टेनिस फेडरेशनची) एम १५ टूर्नामेंट. हे १५ म्हणजे १५ हजार डॉलर, आणि बऱ्याच पालकांना वाटतं की जिंकणाऱ्याला तेवढे मिळतात. नाही हो, ते सगळ्या ड्रॉचे मिळून, सिंगल्स डबल्स दोन्ही धरून. सिंगल्स जिंकणाऱ्याच्या हातात २,१६० डॉलर, पहिल्या राउंडला हरला तर १५६ डॉलर, आणि तेही टॅक्स कापायच्या आधी. स्पेनमध्ये तिथला रहिवासी नसलेल्या, युरोपाबाहेरच्या माणसाचा टॅक्स २४ टक्के, म्हणजे आपल्याकडचा पोरगा पहिल्या राउंडला हरला तर हातात दोन रात्रींच्या हॉटेलचे पैसेसुद्धा उरत नाहीत. त्यावरची पायरी एम २५, तिचं बक्षीस आता वाढवून ३० हजार केलंय, पण वाटणी तशीच.

पॉइंट्सचं गणित याहून कडक आहे. एम १५ जिंकली तर १५ पॉइंट, फायनल हरला तर ८, सेमी ४, क्वार्टर २, आणि पहिली मॅच जिंकून पुढच्याला हरला तर १. एम २५ जिंकली तर २५. आणि ३०० नंबरच्या आसपास राहायला साधारण १८०-२०० पॉइंट लागतात, शिवाय प्रत्येक पॉइंट बावन्न आठवड्यांनी गळून पडतो. म्हणजे फक्त एम १५ खेळून ३०० ला पोचायचं तर वर्षात बारा-तेरा टूर्नामेंट जिंकायला पाहिजेत. असं कुणी करत नाही. त्यामुळे ३०० नंबरवाला म्हणजे खालच्या टूर्नामेंटमध्ये पहिला-दुसरा सीड (मानांकित) आणि वरच्या पायरीवरच्या टूर्नामेंटमध्ये, म्हणजे चॅलेंजरमध्ये, क्वालिफाइंगवाला (मेन ड्रॉच्या आधीची पात्रता फेरी खेळणारा), कायम दोन पायऱ्यांच्या मधे अडकलेला. एम २५ ला गेला तर पाच मॅच जिंकून २५ पॉइंट आणि हरला तर पोराटोरांना हरल्याचं डोक्यात राहतं, चॅलेंजरला गेला तर क्वालिफाइंगच्या दोन मॅच काढून मग मेन ड्रॉमध्ये १२० नंबरवाला समोर. दर आठवड्याला हाच निर्णय, आणि तो तीन आठवडे आधी घ्यायचा कारण एंट्रीची डेडलाइन तेव्हाच असते.

खर्चाबद्दल आयटीएफनेच २०१३ च्या आकड्यांवर अभ्यास केला होता. कोचचा खर्च न धरता पुरुष प्लेयरला वर्षाला साधारण ३८,८०० डॉलर लागतात आणि बक्षिसातून तेवढे निघायला नंबर ३३६ च्या आत असावा लागतो, बायकांमध्ये २५३ च्या आत. लक्षात घ्या, हे कोच सोडून. कोच धरला की तो ३३६ कुठल्या कुठे वर सरकतो. आपल्याच सुमित नागलने २०२३ मध्ये सांगितलं होतं की खात्यात ९०० युरो उरलेत, आणि तो तेव्हा देशाचा एक नंबरचा प्लेयर होता, ३०० पेक्षा कितीतरी वर.

मग स्पॅनिश पोरगा टिकतो कसा? इथे खरी गंमत आहे आणि इथेच मी जरा जास्त लिहिणार आहे.

पहिली गोष्ट, टूर्नामेंट दारात. स्पेनमध्ये वर्षभरात आयटीएफच्या डझनावारी टूर्नामेंट होतात आणि त्यावर चॅलेंजर वेगळ्या. कातालुन्यातला, म्हणजे बार्सिलोनाच्या बाजूचा, पोरगा वसंतात गिरोना, बार्सिलोना करतो, खाली मुर्सिया, जुलैत कोर्दोबाजवळच्या पोझोब्लांकोला हार्ड कोर्ट, मग सेगोवियाजवळ एल एस्पिनारला, तिथे उंचीमुळे बॉल उडतो त्यामुळे क्लेवाली (मातीच्या कोर्टवर वाढलेली) पोरं वैतागलेली असतात, सप्टेंबरात सेव्हिलची कोपा सेव्हिया, जी पिवळ्या मातीवर होते, लाल नाही, पहिल्यांदा बघणाऱ्याला कोर्ट चुकल्यासारखंच वाटतं. ऑक्टोबरात अलिकांतेच्या बाजूला विलेनाला माजी एक नंबर हुआन कार्लोस फेरेरोच्या अकॅडमीतली चॅलेंजर. यातल्या बऱ्याच ठिकाणी तीन पोरं एका जुन्या गाडीत, पेट्रोल वाटून, एक अपार्टमेंट भाड्याने, दुपारी कुठल्यातरी बारमध्ये बारा-चौदा युरोचा मेनू देल दिया, म्हणजे दिवसाचं ठरलेलं जेवण, त्यात सूप, मासा, फळ सगळं आलं. हरला की दुसऱ्या दिवशी घरी. आईने कपडे धुतले, क्लबच्या मशीनवर स्वतः रॅकेटा स्ट्रिंग केल्या, बुधवारपासून परत प्रॅक्टिस. आपला पोरगा हरला की त्याला पुढच्या सोमवारपर्यंत हॉटेलात बसून राहायचं असतं, आणि हे पाच दिवसच सगळे पैसे खातात. हरल्यानंतरच्या दिवसांचा खर्च कुठल्याच बजेटमध्ये कुणी धरत नाही, मी पालकांना दर वेळी सांगतो आणि दर वेळी ते विसरतात.

दुसरी गोष्ट क्लब. हे आपल्याकडे नाहीच त्यामुळे समजावायला अवघड आहे. जर्मनीत जुलै-ऑगस्टला क्लबांची टेनिस लीग, बुंडेसलीगा, असते (फुटबॉलची नव्हे) आणि तिच्या खाली बरेच डिव्हिजन, इटलीत ऑक्टोबर ते डिसेंबर सेरी आ, फ्रान्समध्ये इंटरक्लब, स्पेनच्या स्वतःच्या टीम चॅम्पियनशिप वेगळ्या. प्रत्येक क्लब बाहेरचे एक-दोन प्लेयर घेतो, मॅचप्रमाणे पैसे देतो, येण्याजाण्याचं आणि राहण्याचं बघतो. ३०० नंबरचा स्पॅनिश, क्लेवर तासभर रॅली करणारा, या क्लबांना फार आवडतो कारण तो क्वचितच सोपा हरतो. चांगल्या टीमबरोबर एका वीकेंडचे पैसे कधी कधी एम १५ जिंकल्यापेक्षा जास्त होतात, आणि ते आधी ठरलेले असतात, हरलास तरी बरेचसे मिळतात. शिवाय स्पेनमध्ये आयबीपीसारखं पैशाच्या टूर्नामेंटचं सर्किट आहे, जागतिक रँकिंगचे पॉइंट शून्य पण बक्षीस रोख.

आता यातला पेच बघा. क्लबच्या मॅचला पॉइंट नाहीत. जर्मनीत सहा वीकेंड खेळलास तर घरभाडं निघालं, पण त्याच सहा आठवड्यांत बाकीचे चॅलेंजर खेळून तुझ्या वर सरकले. आणि नाही खेळलास तर सप्टेंबरात विमानाचं तिकीट काढायला पैसे नाहीत. मला विचाराल तर ३०० आणि १८० मधला फरक फोरहँडमध्ये फार कमी असतो, तो या कॅलेंडरमध्ये असतो. पोरं प्रॅक्टिस सेटमध्ये एकमेकांना हरवतात, ६-४, ७-५, कुणीही जिंकतं. पण एकाला क्लबच्या पैशासाठी ऑगस्ट घालवावा लागतो आणि दुसऱ्याला नाही.

आणि एक तिसरी गोष्ट, जी स्पॅनिशांच्या विरोधात जाते. त्यांच्याकडे ग्रँड स्लॅम नाही. फ्रेंच, अमेरिकन, ऑस्ट्रेलियन, ब्रिटिश फेडरेशनकडे स्लॅमचे पैसे आहेत आणि वाइल्ड कार्ड (रँकिंग न बघता आयोजकांनी दिलेली थेट एंट्री) आहेत, १८० नंबरचा फ्रेंच पोरगा रोलां गॅरोसच्या, म्हणजे पॅरिसच्या फ्रेंच ओपनच्या, मेन ड्रॉमध्ये एका वाइल्ड कार्डने जातो आणि पहिल्या राउंडला हरून वर्षभराचा खर्च काढतो. त्याच नंबरचा स्पॅनिश क्वालिफाइंगच्या तीन मॅच जिंकला तरच आत. त्यात देशात स्पर्धा एवढी की २०१० च्या पुढची काही वर्षं पहिल्या १०० मध्येच बारा-चौदा स्पॅनिश असायचे, मग बार्सिलोना, माद्रिदच्या वाइल्ड कार्डच्या रांगेत ३०० नंबरवाल्याला कोण विचारणार.

स्लॅमच्या क्वालिफाइंगचा विषय निघालाच आहे तर ही सगळ्यात मोठी भिंत सांगतो. क्वालिफाइंगला साधारण २३०-२५० पर्यंतचे घेतात. २०२४ ला रोलां गॅरोसच्या क्वालिफाइंगमध्ये पहिल्याच मॅचला हरणाऱ्याला २०,००० युरो होते, विम्बल्डनला १५,००० पाउंड, यूएस ओपनला २५,००० डॉलर. चारही ठिकाणी जाऊन चारही वेळा पहिली मॅच हरलात तरी ८० हजार डॉलरच्या वर. वर एटीपीने (पुरुष प्रोफेशनल टेनिसची संघटना) २०२४ पासून पहिल्या २५० जणांसाठी किमान कमाईची योजना काढली, त्या वर्षी १७६ ते २५० वाल्यांना ७५ हजार डॉलरची हमी होती, कमी पडले तर बाकीचे एटीपी भरणार. चांगली योजना आहे, कुणी काही म्हणो. पण परिणाम काय झाला की २४५ आणि २९० या दोन माणसांच्या खेळात काडीचा फरक नसताना एकाचं उत्पन्न दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त झालं. ३०० नंबरवाल्याचं सगळं वर्ष या एका रेषेसाठी असतं. जानेवारीत तो टॉप १०० म्हणत नाही, तो म्हणतो मे मध्ये पॅरिसची क्वाली खेळायची.

करिअर कसं दिसतं याची दोन-चार खरी माणसं बघा. आद्रियान मेनेंदेझ मासेइरास, मालागाकडचा, २०१५ मध्ये १११ पर्यंत गेला, १०० च्या आत कधीच नाही, आणि तरी वर्षानुवर्षं खेळला, जगभरच्या चॅलेंजर, आपल्या पुण्यातसुद्धा येऊन गेलाय. १११ म्हणजे जगात काय भारी टेनिस असतं हे समोर बघितल्याशिवाय कळत नाही. माद्रिदचा डावखुरा दानियेल मुन्योझ दे ला नावा चौतिसाव्या वर्षी, २०१६ मध्ये, ६८ ला पोचला. त्याच्याबरोबरचे कोच होऊन बसले होते तोपर्यंत. अलिकांतेचा रुबेन रामिरेझ हिदाल्गो २००६ ला रोलां गॅरोसच्या चौथ्या राउंडपर्यंत गेला, ५० नंबर झाला, आणि पस्तिशी उलटल्यावरही चॅलेंजरच्या क्लेवर विशीतल्या पोरांना धावायला लावत होता. हे लोक हट्टाने खेळतात असं नाही, क्लेवरचा खेळ उशिरा पिकतो आणि घराजवळ टूर्नामेंट असतील तर वय झालं तरी परवडतं.

मार्क लोपेझचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. सिंगल्समध्ये १०६ वर अडकला, २००४ ला, पुढे सरकलाच नाही. डबल्सकडे वळला. २०१६ मध्ये फेलिसियानो लोपेझबरोबर रोलां गॅरोस, त्याच वर्षी रिओत नदालबरोबर ऑलिम्पिक गोल्ड. आपल्याकडे डबल्सला दुय्यम समजणाऱ्या पालकांनी, म्हणजे पेस-भूपती-बोपण्णांच्या देशात राहून तसं समजणाऱ्यांनी, हे जरा वाचा.

आणि कार्लोस गोमेझ एरेरा. सिंगल्समध्ये टॉप १०० च्या जवळपासही कधी नव्हता, पण मार्बेयाला जोकोविच प्रॅक्टिसला यायचा, हा त्याच्याबरोबर खेळायचा, मैत्री झाली, २०२१ मध्ये मायोर्काला दोघं डबल्सच्या फायनलपर्यंत गेले, फायनल याच्या दुखापतीमुळे सोडावी लागली, आणि पुढे हा जोकोविचच्या टीममध्येच गेला. नशीब आहेच, पण चांगला, शिस्तीचा, बॉल परत देणारा माणूस म्हणून नाव असल्याशिवाय असलं नशीब येत नाही. करिअर संपल्यावर बहुतेक जण याच दिशेने जातात, क्लबचा कोच, अकॅडमीत कोच, कुणाचा हिटिंग पार्टनर, हल्ली बरेच जण पॅडल या टेनिससारख्याच, काचेच्या भिंतींच्या छोट्या कोर्टवरच्या खेळाकडे. पेरे रिबा ६५ पर्यंत पोचलेला प्लेयर होता, दुखापतींनी संपला, कोच म्हणून २०२३ ला कोको गॉफच्या यूएस ओपन विजयाच्या वेळी तिच्या टीममध्ये होता आणि झेंग चिनवेनने २०२४ ला ऑलिम्पिक गोल्ड जिंकलं तेव्हा तिचा कोच.

वाईट बाजूही सांगायलाच पाहिजे कारण ती याच नंबरांवर आहे. जानेवारी २०१९ मध्ये स्पेनच्या सिव्हिल गार्ड या पोलीस दलाने मॅच फिक्सिंगचं मोठं प्रकरण उघड केलं, आर्मेनियन टोळी, ८३ संशयित, त्यातले २८ फ्युचर्स आणि चॅलेंजर खेळणारे प्लेयर. २०२० मध्ये एन्रिके लोपेझ पेरेझवर आठ वर्षांची बंदी आली, दीडशेच्या आसपास पोचलेला प्लेयर. समर्थन अजिबात नाही करत, पण पहिल्या राउंडला हरून १५६ डॉलर मिळतात आणि एक सेट सोडायचे कुणीतरी त्याच्या वीसपट देतो हे गणित पोराला विशीच्या आत समजून सांगावं लागतं. प्रत्येक एम १५ च्या पॉइंटवर जगभर ऑनलाइन बेटिंग चालतं, हरल्यावर फोनवर शिव्यांचा पाऊस पडतो, सतरा वर्षांच्या पोराला सुद्धा. माझ्या पोरांना मी मॅचच्या दिवशी मेसेज बघूच देत नाही.

आता तुमच्या मुलाकडे येतो.

स्पॅनिश ट्रेनिंग चांगलं आहे का, तर आहे, वादच नाही. बॉलची बास्केट घेऊन दोन-दोन तास पायाचं काम, आडवं-तिरकं पळवणं, बॉल जड करून आत ठेवणं, हे त्यांच्या हाडात आहे, आणि आपल्याकडच्या हार्ड कोर्टवर वाढलेल्या पोरांना त्याचा फायदा होतो. पण मोठ्या अकॅडमीची राहण्याखाण्यासकट वर्षाची फी ४० हजार युरोच्या वर सहज जाते, आणि त्या पैशात तुम्हाला मिळतो फक्त कोर्ट आणि कोच. वर जे लिहिलं, क्लबची टीम, गाडीच्या अंतरावरची टूर्नामेंट, हरल्यावर जायला घर, ज्याच्यामुळे स्पॅनिश पोरगा अठ्ठावीस वर्षांपर्यंत टिकतो, ते त्या फीमध्ये नाही. त्यामुळे दोन-तीन वर्षं सलग तिथे ठेवण्याच्या मी विरोधात आहे, निदान पंधराव्या वर्षी. घरातले पैसे सतराव्या वर्षी संपतात, म्हणजे नेमके लागायला लागतात तेव्हा.

अमेरिकन कॉलेजचा रस्ता मात्र मनात ठेवा, कारण खुद्द स्पॅनिश पोरं आता तो धरतायत. पांप्लोनाचा इन्याकी माँतेस व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीकडून खेळला, टीमने २०२२ आणि २०२३ ला एनसीएए, म्हणजे अमेरिकन कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा, जिंकली. ज्या देशात अकॅडमीला आपण पोरं पाठवतो तिथली पोरं स्कॉलरशिपवर अमेरिकेला जातायत, यावरून काय ते समजा. आपल्याकडचे पुण्याचे अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटला आणि ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमला शिकून खेळले, ऋतुजाने पुढे हांगझोच्या एशियन गेम्समध्ये बोपण्णाबरोबर मिक्स्डचं गोल्ड आणलं. तेव्हा शाळा सोडू देऊ नका, दहावी-बारावी नीट मार्कांनी होऊ दे.

पाठवायचंच असेल तर एप्रिल ते जून, क्लेच्या सीझनमध्ये, सहा-आठ आठवडे पाठवा. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, तेवढ्यात हे बसतं, मल्टिपल एंट्री मागा आणि अर्ज फेब्रुवारीतच करा कारण उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळत नाहीत. मोठ्या नावापेक्षा क्लबला जोडलेली छोटी अकॅडमी शोधा, बार्सिलोना आणि व्हॅलेन्सियाच्या आसपास अशा भरपूर आहेत. फोनवर त्यांना कोर्ट किती, फिजिओ कोण हे विचारू नका, ते वेबसाइटवर असतंच. विचारा की शनिवार-रविवारी मुलगा कुठल्या मॅच खेळणार, कुणाच्या टीममधून, आणि तुमच्याकडे आत्ता ३०० ते ६०० मधला कुठला प्लेयर रोज प्रॅक्टिसला येतो का आणि आमचा मुलगा आठवड्यातून एकदा तरी त्याच्यासमोर उभा राहणार का. दोन्हीची उत्तरं नावासकट, लगेच आली तर पैसे भरा. वीकेंडला मुलांना बीचवर नेतो असं उत्तर आलं तर तेवढ्याच पैशात त्याला इथल्या आयटीएफ ज्युनियरचं सगळं वर्ष खेळवता येईल, कोच बरोबर घेऊन.